डावीकडून तिसरा

३ फेब्रुवारी

आणि ताईचं परत तेच. म्हणे, दातांत घातलेस तेवढ्यात घरातलं एक काम झालं असतं. कुठलं काम, ते विचारलं की गप्प. गेले पाच महिने हेच चाललंय. बावीस हजार हवेत, काम आहे, विचारू नकोस. म्हणजे पैसे मी पाठवायचे आणि कशाला ते गुपित. मी म्हटलं, छप्पर गळतंय का? नाही. बाबांना दुचाकी घ्यायचीय का? तर म्हणाली, हो, घोडा घ्यायचाय, त्यावर बसून येणार आहेत तुझे दात बघायला. आणि फोन ठेवला.

तोंड माझं, दात माझे. इथे लिहून ठेवतो, कारण तिला सांगून उपयोग नाही.

ही वही डॉक्टरीणबाईंच्या हुकमावरून. रोज लिहा म्हणाल्या, कुठल्या दाताला काय झालं, गरमाने की गाराने, किती वेळ राहिलं. मी सातवी नापास माणूस, माझं लिहिणं म्हणजे भिंतीवर पेन्सिलने मापं. पण वही शंभर पानी मिळाली आणि दात आठच, तेव्हा उरलेल्या जागेत बाकीचंही लिहीन.

तर, वरचे पुढचे आठ. पोर्सिलेनचे. आपल्या दाताचा पुढचा थर घासून काढतात आणि त्यावर नखाएवढा पातळ तुकडा चिकटवतात. मी सहा वर्षं इथे फरशा बसवतोय, मला हे चित्र काढून दाखवायची गरज नव्हती. भिंत खरवडल्याशिवाय टाइल धरत नाही, आणि एकदा खरवडली की जुनी भिंत परत मिळत नाही. हे मी गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलंय. स्वतःच्या वेळी मात्र खुर्चीत आडवा पडून आ केला.

कारण मालक. आमच्या मालकाने मला साइटवरून उचलून दुकानात उभं करायचं ठरवलं. गुडघ्यावर बसणं बंद, सिमेंट बंद, इस्त्रीचा शर्ट आणि दीडपट पगार. फक्त म्हणाला, तू तोंड मिटलेलं असलं की चांगला दिसतोस. समोरचा दात अर्धा तुटलेला होता, बाकीचे पिवळे. तो दात मीच तोडला. टाइलच्या खोक्याला जी प्लॅस्टिकची पट्टी असते ती मी दाताने तोडायचो. बाबा मागून मानेवर चापट द्यायचे, दात म्हणजे कटर नव्हे म्हणून. त्यांच्या हाताखालीच शिकलो मी. जे शिकलो त्यातली पट्टी तोडणं ही एकच गोष्ट माझी स्वतःची.

आज: गार पाण्याने चार दात. कळ डोळ्यापर्यंत.

६ फेब्रुवारी

चूळ भरायला पाणी कोमट करून घेतो. अंघोळ गार पाण्याने, चूळ कोमट. ज्या दातांनी पट्ट्या तोडल्या त्यांचे आता हे नखरे.

लांब्या म्हणतो, फ्रिजसमोर हसू नकोस, फ्रिजला वाईट वाटतं. लांब्या म्हणजे माझा खोलीतला जोडीदार, नळाचं काम करतो. त्याचे दात एकमेकांवर चढलेत, जणू बसमध्ये जागा धरताना अडकले. त्यांना गार लागत नाही, गरम लागत नाही, काही नाही. काल माझ्यासमोर बर्फ कडाकडा चावून खाल्ला. मुद्दाम.

८ फेब्रुवारी

रविवार. घरी व्हिडिओ लावला. ताईने फोन बाबांकडे दिला. बाबांनी तो असा धरला की मला फक्त कपाळ आणि मागचं छत. मी म्हटलं, बाबा, फोन खाली घ्या. हं. म्हटलं, माझे दात बघितलेत का? आणि फोनजवळ तोंड नेऊन हसलो. कपाळ बराच वेळ हललं नाही. भुवया तेवढ्या बारीक झाल्या, दुसऱ्याचं काम तपासताना व्हायच्या तशा. मग परत हं, आणि फोन ताईकडे.

मागच्या पावसाळ्यापासून हा माणूस माझ्याशी हं च्या पलीकडे बोललेला नाही. हरकत नाही. मला भांडण कशाचं ते ठाऊक आहे. सहा वर्षं झाली तरी जिना विसरले नाहीत.

जिन्याचं लिहूनच टाकतो. शेवटचं काम आम्ही दोघांनी केलं ते एका दुमजली घराच्या जिन्याचं. बाबा दुसऱ्या खोलीत होते, मी शहाणपणा केला आणि खालच्या पायरीपासून फरशी बसवत वर गेलो. वर पोचल्यावर कळलं की उतरायचं कसं. खाली अठरा ताज्या पायऱ्या, एकीवरही पाय ठेवता येत नाही. बाबा जिन्याच्या पायथ्याशी आले, बघितलं, आणि घरमालक, सुतार, रंगारी सगळ्यांना हाका मारून बोलावलं. या, या, पोराने स्वतःला वर बसवून घेतलंय. सगळे हसले. बाबा सगळ्यांत जास्त. हसताना त्यांचे दात दिसायचे, मोठे, चौकोनी, हाडं फोडून खाणारे. मी मागच्या गॅलरीतून पाइप धरून उतरलो, तसाच घरी, पिशवी भरली आणि इकडे आलो. बास. आता त्यांना बोलायचं नसेल तर मलाही घाई नाही.

आज: काही दुखलं नाही. दुकानात गिऱ्हाइकांपुढे हसून हसून गाल दुखले.

१२ फेब्रुवारी

दुकानातला आठवा दिवस. बोलताना ओठ दातावर टेकवायचे शब्द फसतात. दात पूर्वीपेक्षा लांब झालेत, ओठाला सवय नाही. आणि आमच्या धंद्यात नेमका सगळीकडे एकच शब्द, व्हिट्रिफाइड, म्हणजे चकचकीत भाजलेली फरशी. सकाळपासून वारा काढत बोलतोय, पंक्चर झालेल्या चाकासारखा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोठ्याने वाचत जा. घरी वाचायला काही नाही, म्हणून खोक्यावरचा मजकूर लांब्याला वाचून दाखवतो. फ्लोअर व्हिट्रिफाइड, व्हाइट, फर्स्ट क्वालिटी. तो म्हणाला, माझ्या लग्नात तू बोलायला उभा राहू नकोस.

मालकाने मला सुपर व्हाइटच्या पॅनेलशेजारी उभं केलंय. वर तीन दिवे. आज एक बाई बाथरूमसाठी पांढरा रंग शोधत होत्या. हा पिवळट, तो निळसर, काही पसंत पडेना. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, यांच्या दातांच्या रंगात काय आहे? मालकाने मला हस म्हणून खूण केली, आणि तुकडा माझ्या तोंडाजवळ धरला. बरोबर जमला. चाळीस खोकी गेली.

मालक खूश. मला समजलं नाही की मी खूश व्हावं की नाही.

१७ फेब्रुवारी

फरशी बसवून झाली की नाण्याने टकटक करून ऐकायचं. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर खाली सिमेंटचा माल पोचलेला नाही, आज ना उद्या सुटणार. हे बाबांनी मला लिहाय-वाचायच्या आधी शिकवलं. डोळे मिटायला लावायचे आणि एकेक फरशी वाजवायचे, सांग कुठली पोकळ.

आज आरशासमोर चमच्याच्या मागच्या टोकाने आठही वाजवले. सात भरीव. डावीकडून तिसरा पोकळ. शिवाय तोच थोडा पुढे आलाय, जीभ फिरवली की कड लागते.

तसाच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. म्हटलं, हा पोकळ वाजतोय, सुटणार. त्यांनी आरसा घातला, फोटो काढला, म्हणाल्या, उत्तम बसलाय, तुमच्या मनाचे खेळ आहेत, दात म्हणजे फरशी नव्हे. मदतनीस मुलगी तोंड वळवून हसली. पहिल्या दिवशीही हसली होती. तेव्हा मी म्हटलं होतं, ह्याच लॉटचे दोन जास्तीचे करून ठेवा, पुढे एखादा गेला तर नवा लॉट रंगाला जुळत नाही. कुठलाही फरशीवाला ठेवतो. त्या दोघी इतक्या हसल्या की मला खुर्चीत पडल्या पडल्या घाम फुटला.

पुढे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खरी अडचण खालच्या दातांची आहे. वरचे इतके सुंदर झालेत की खालचे मळके वाटतात. खालचे सहा करून घ्या, या महिन्यात आणि पुढच्या महिन्यात सवलत आहे, तेवीस हजार.

म्हणजे आधी वरच्यांमुळे मी वाईट दिसत होतो, आता वरच्यांमुळे खालचे वाईट दिसतात. हे मला ओळखीचं वाटलं. आम्हीही गिऱ्हाइकाला जमीन करून दिली की म्हणतो, आता भिंती अंगावर येतात, नाही?

२२ फेब्रुवारी

मालकाचं नवीन मोठं दुकान वीस मार्चला उघडतंय. बाहेर दोन मजली उंचीचा बोर्ड, त्यावर माझा फोटो. म्हणाला, त्याआधी खालचे करून घे. केलेस तर तू त्या दुकानाचा मुख्य, नाही केलेस तर बघू. ते बघू मी ओळखतो. साइटवर टाकतानाही हेच म्हणतो.

तेवीस हजार जमलेत. हत्यारांच्या पेटीत, रबरी हातोडीखाली ठेवलेत. ताईला सांगितलं की कंपनीने पगार लांबवलाय. ती म्हणाली, बरं. ती बरं म्हणाली की मला जास्त राग येतो.

बाबांचं विचारलं. म्हणाली, ठीक आहेत, सगळं दुधात भिजवून नाहीतर कालवून लागतं, पाव असला तरी बुडवून. मी म्हटलं, म्हातारपणी लाड सुचतायत. हाडं फोडणारा माणूस आणि पाव बुडवून! 

२७ फेब्रुवारी

आज तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

दुपारी एक जोडपं आलं होतं, मोठं गिऱ्हाईक, संपूर्ण घर करायचं. नवीन आलेल्या खोक्यातली फरशी त्यांना दाखवायची होती. कटर सापडेना. ड्रॉवरमध्ये नाही, टेबलावर नाही, मालक नजरेने मला खातोय. खोकं माझ्या हातात. आणि इतक्या वर्षांची सवय, वाकलो, पट्टी दातात धरली, मानेला झटका दिला.

पट्टी तुटली. दातही गेला. डावीकडून तिसरा.

आवाजसुद्धा झाला नाही. जिभेला एकदम मोकळी जागा लागली, थंड वारा आत गेला आणि मेंदूत सुई. तुकडा कुठे उडाला? आमच्या दुकानातली जमीन सुपर व्हाइट. माझ्याच दाताच्या रंगाची. मी गुडघ्यावर बसलो, मालक बसला, हिशेबाची बाई बसली, शेवटी ते गिऱ्हाईकही खाली बसलं. पाच माणसं पांढऱ्या जमिनीवर पांढरा तुकडा शोधतायत, कोणी पाय उचलायला तयार नाही. दहा मिनिटांनी त्या नवऱ्याला सापडला. त्याने तो बोटावर धरला, दिव्याखाली फिरवला आणि विचारलं, हे सॅम्पल आहे का?

मी तोंडावर हात ठेवून म्हटलं, हो.

बायको म्हणाली, फिनिश छान आहे.

मालक त्यांना चहाला घेऊन गेला आणि जाता जाता मला म्हणाला, दहा मिनिटांत परत येतो, तोपर्यंत तोंड दुरुस्त करून ठेव. दवाखाना अर्ध्या तासावर. मी गोदामात गेलो.

आता जे केलं ते डॉक्टरीणबाईंच्या वहीत लिहावं की नाही? लिहितो. फरशी चिकटवायच्या इपॉक्सीचे दोन भाग काडीने कालवले. दात कोरडा पुसला. तुकड्याच्या मागे पातळ थर दिला, पोकळी राहू नये म्हणून. शेजारच्या दाताशी फट सारखी यावी म्हणून प्लॅस्टिकचा स्पेसर कापून अडकवला. लावला, दाबला, रबरी हातोडीच्या मुठीने दोनदा हलकेच ठोकला. लेव्हल बघायला बोट फिरवलं. मग चमच्याने वाजवला.

भरीव. देवाशपथ, भरीव. महिन्याभरात प्रथमच.

गिऱ्हाइकाने सबंध घराची ऑर्डर दिली.

१ मार्च

हिरडी सुजली. दातावर दात टेकवला की तिसरा आधी लागतो, बाकीचे हवेत. रविवार होता, पण घरी फोन लावला नाही. ताईचा आला, उचलला नाही.

३ मार्च

डॉक्टरीणबाईंनी आरसा घातला आणि दिवा जवळ ओढला. मग विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, इपॉक्सी, चांगल्या कंपनीची, पाण्याने सुटत नाही. मदतनीस मुलगी या वेळी हसली नाही. तिने खिडकीकडे बघितलं.

म्हणाल्या, तुम्ही स्वतः हात लावलात, आता वॉरंटी संपली. हेच वाक्य, याच आवाजात, मी गेल्या महिन्यात एका माणसाला ऐकवलं होतं. त्याने स्वयंपाकघरातली फरशी स्वतः चिकटवली होती. त्याचा चेहरा आठवला. बिचारा.

मी म्हटलं, बाई, पोकळ आहे हे मी सांगितलं होतं. तर म्हणाल्या, तुम्ही दाताने पट्टी तोडलीत. दोन्ही खरं. मी वाद घातला नाही, कारण तोंडात त्यांचं यंत्र होतं.

इपॉक्सी घासून काढायला दीड तास. ती सुटेना. माझं काम आहे, सुटणार कसं. जुना तुकडा गेला, नवीन बनवायला टाकला, त्याचे पैसे वेगळे, या महिन्याच्या पगारातून.

१० मार्च

नवीन बसला. रंग जुळत नाही. सात एका लॉटचे, आठवा दुसऱ्या. उन्हात उभं राहिलं की तिसरा राखाडी. बाई म्हणाल्या, उन्हात कोण बघतंय. मी वहीत आधीचं पान काढून त्यांच्यापुढे धरलं, १७ फेब्रुवारी, दोन जास्तीचे. त्यांनी वाचलं. वाचून म्हणाल्या, अक्षर सुधारा.

१२ मार्च

मालकाने आज बोलावून सांगितलं की तोंड पूर्ण नीट होईपर्यंत साइटवर जा. खालचे सहा वीस तारखेच्या आधी झाले तर मुख्य म्हणून ये, नाहीतर दुसरा बघतो. आणि फोटोचं काय, विचारलं. तो म्हणाला, फोटो छापून आलाय, ते कॉम्प्युटरवाल्याने करून टाकलं, वर-खाली सगळे पांढरे, अर्ध्या तासात, फुकट.

फुकट. मी दोनदा विचारलं.

१४ मार्च

परत गुडघ्यावर. तीन मजली घर, आम्ही चौघं. धुळीसाठी दिवसभर तोंडाला मास्क. वरचे आठ दात मास्कच्या आत बसलेत आणि बाहेर कोणाला पत्ता नाही.

एक खरं लिहितो. हाताला बरं वाटलं. फरशी हातात घेतली, पाठीमागे माल ओढला, ठेवली, हलकेच दाबली, सरकवली, आणि ती बसली. दुकानात पाच आठवडे काहीच बसलं नव्हतं.

सोमवारी जिना आहे. अठरा पायऱ्या. मोजल्या.

पेटीत तेवीस हजार. गुरुवारी सकाळी डॉक्टरीणबाईंची वेळ घेतलीय, खालच्या सहांची. अजून होऊ शकतं.

१६ मार्च

जिना. मला सगळं माहीत होतं. वरून सुरू करायचं आणि बसवत खाली उतरायचं. अख्खी कड पायरीच्या नाकाला, कापलेला तुकडा मागे. सहा वर्षांत दहा जिने केलेत. तरी जेवणाच्या सुट्टीत घरी फोन लावला. ताई कामावर असते त्या वेळी, हे डोक्यात नव्हतं. किंवा असेल.

बरीच रिंग गेली. मग उचलला गेला. हं.

मी म्हटलं, बाबा, अठरा पायऱ्यांचा जिना आहे, मध्ये वळण. तुकडा मागे टाकू की पुढे?

गप्प. मी म्हटलं, माणसं थांबलीत, सांगा.

आणि ते बोलले. पण बोलणं त्यांचं नव्हतं. अक्षरं एकात एक कालवलेली, त आणि स कुठे गेलेच समजेना, सगळं ओल्या मातीसारखं. तुकडा मागे, एवढं कसंबसं कळलं. पुढचंही काही बोलले, त्यातला मला 'वरून' एवढाच शब्द ऐकू आला. मग ठेवला.

 झटका. तोंड वाकडं झालं असणार, अर्धं अंग गेलं असणार. ताईला कामावर फोन केला, म्हटलं, घरी पळ, बाबांना झटका आलाय, बोलता येत नाही त्यांना, जीभ लुळी पडलीय.

ती म्हणाली, तू त्यांच्याशी बोललास? मी म्हटलं, ते बोलले. ती म्हणाली, बोलले? आणि हसायला लागली. मला वाटलं हिलाही काही झालं. मग हसता हसता रडली, मग चिडली, तिन्ही एकदम.

म्हणाली, "झटका कसला रे? दात नाहीत त्यांना. एक नाही उरला. मागच्या पावसाळ्यात सगळे काढले, पू झाला होता."

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस?

"त्यांनी शपथ घातली. आता तर म्हणतात, पोर दुकानात दिसण्यावर पोट भरतंय, त्याला बापाचं असलं तोंड दाखवायचं नाही. आणि फोनवर बोललो तर तो हसेल."

मी म्हटलं, मी कशाला हसेन?

ती म्हणाली, "जिन्यावर ते हसले होते ना. तेव्हापासून त्यांना वाटतं तुझी पाळी आहे."

मग कळलं की बावीस हजार कवळीचे. घोडा नव्हता.

मी फोन ठेवणार होतो, तर ती म्हणाली, अजून एक ऐक. त्या रविवारी तू फोनमध्ये दात दाखवलेस ना, तुझा फोन बंद झाल्यावर म्हणाले, बसवणाऱ्याने लेव्हल चांगली धरलीय, फक्त डावीकडून तिसरा चढा आहे. सुटेल. सांग त्याला. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. तर गप्प.

दुपारभर अकरा पायऱ्या झाल्या. वरून खाली.

आज: दातांचं काही लक्षात नाही.

१७ मार्च

सकाळी लांब्याला सांगितलं. नेहमीसारखा काहीतरी बोलेल म्हणून वाट बघितली. तो म्हणाला, माझ्या आईचेपण नाहीत, आणि बूट घालून गेला.

दुपारी ताईकडून कवळीवाल्याचं सगळं विचारून घेतलं. दात कुठल्या कंपनीचे, रंगाचा नंबर काय, माप कोण घेणार. ती म्हणाली, तू सांगून ठेव एकदा, रंग कुठला, ते म्हणतायत पोराच्यासारखा पांढरा नको. मी म्हटलं, मग पिवळट घ्या, आधीचे होते तसे, आणि मोठे, चौकोनी.

१९ मार्च

डॉक्टरीणबाईंना सकाळी फोन करून सांगितलं की खालचे करत नाही. त्या म्हणाल्या, सवलत परत मिळणार नाही. मग मालकाला सांगितलं. तो म्हणाला, विचार कर, गुडघे काही आयुष्यभर टिकत नाहीत. ते बरोबर आहे. दातही टिकत नाहीत.

साइटवरून परत येताना नवीन दुकानावरून आलो. बोर्ड चढवलाय. दोन मजली मी. वरचे खालचे सगळे पांढरे, एका लॉटचे, तिसराही जुळलेला. खाली उद्याच्या खुर्च्या मांडत होते. एका माणसाने माझ्याकडे बघितलं, बोर्डकडे बघितलं, पण मास्क होता, त्यामुळे ओळखलं नाही.

पैसे पाठवायच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, निरोपाच्या रकान्यात काही लिहायचंय का? मी लिहिलं. ताईला नंतर फोनवर वेगळं सांगितलं की हे मी तुझं तोंड बंद व्हावं म्हणून करतोय, बाकी काही मनात आणू नकोस. कवळीवाल्याला सांगायचं की त्याच लॉटचे दोन दात जास्तीचे काढून ठेव, तो हसेल, हसू दे. आणि बाबांना म्हणावं, रविवारी फोन कपाळावर धरू नका.

रकान्यात एवढंच: दोन जास्तीच्या दातांचे पाचशे धरून.

पाठवले: बावीस हजार पाचशे.